मेसा अपडेट झाली आणि लिनक्सचा डेस्कटॉप गेला? फॉरमॅट न करता परत आणा

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि लॉगिनच्या जागी काळी स्क्रीन. किंवा पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर चमकतो आणि पुन्हा लॉगिनवरच आणून सोडतो. किंवा डेस्कटॉप येतो, पण खिडकी सरकवली तरी पंखा घरघरायला लागतो आणि माउस अडखळतो.

लिनक्सवर नवीन असलेली बहुतेक मंडळी इथे पेन ड्राइव्ह काढून नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. ते करू नका. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रं होम फोल्डरमध्ये जशीच्या तशी आहेत. बिघडलेली वस्तू म्हणजे बहुधा मेसा या ग्राफिक्स लायब्ररीच्या चार-सहा फाइली, आणि त्या बदलता येतात. फक्त कुठला थर बिघडलाय हे आधी शोधायचं आणि मगच हात लावायचा. लोक नेमका हाच क्रम उलटा करतात. नेटवर सापडलेल्या दहा कमांड एकामागून एक चालवतात आणि मूळ बिघाड कुठे होता हेच कळेनासं होतं.

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. उदाहरणं मुख्यतः उबुंटू आणि लिनक्स मिंटची आहेत, कारण नवीन माणूस बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो. फेडोरा आणि आर्च या दुसऱ्या वितरणांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

मेसा म्हणजे काय

पडद्यावर चित्र येईपर्यंत तीन थर कामाला लागतात. तळाशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्यातला कार्डाचा ड्रायव्हर: इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी एएमडीजीपीयू. त्याच्यावर मेसा, म्हणजे प्रोग्रॅमची चित्राची मागणी कार्डापर्यंत नेणारी लायब्ररी. आणि वर डेस्कटॉप: ग्नोम, प्लाझ्मा, सिनॅमन वगैरे.

मेसा ब्रायन पॉल यांनी १९९३ साली सुरू केली, ओपनजीएलची मोकळी आवृत्ती म्हणून. ओपनजीएल आणि व्हल्कन म्हणजे प्रोग्रॅमने कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या ठरलेल्या पद्धती. आज दोन्हींचे ड्रायव्हर मेसात आहेत. एएमडीसाठी रेडिऑनएसआय आणि आरएडीव्ही, इंटेलच्या नव्या चिपसाठी आयरिस, जुन्यांसाठी क्रोकस. कुठलंच कार्ड हाती लागलं नाही तर एलएलव्हीएमपाइप नावाचा ड्रायव्हर सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतो. पंखा घरघरतो तो यामुळे.

आजकालचे डेस्कटॉप साधी खिडकीसुद्धा ग्राफिक्स कार्डाकडूनच रंगवून घेतात, त्यामुळे मेसा अडली की लॉगिन स्क्रीनपासून सगळंच अडतं. कर्नल, डिस्क आणि नेटवर्क मात्र पडद्यामागे शाबूत असतात. दुरुस्ती करता येते ती त्यांच्याच जोरावर.

पायरी १: कुठे अडतंय ते नीट बघा

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो. मग बघा: कर्नलच्या ओळी येऊन तिथेच थांबतं का? लॉगिनपर्यंत येऊन पुढे जात नाही का? आत गेल्यावर ग्नोमची "ओह नो! समथिंग हॅज गॉन राँग" अशी पाटी येते का? सिनॅमन "सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड"ची सूचना दाखवतो का? की सगळं ठीक आहे आणि फक्त ब्राउझरची खिडकी विस्कटलेली दिसते?

फक्त ब्राउझर बिघडला असेल तर तडक पायरी ५ला जा. सिनॅमनची ती सूचना किंवा पंख्याची घरघर म्हणजे काम एलएलव्हीएमपाइपवर चाललंय. डेस्कटॉप जिवंत आहे, घाई नको.

पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगत असेल तर मेसाला दोष देण्याआधी लॉगिन स्क्रीनवरचं कीबोर्डचं चिन्ह बघा. मराठी इनस्क्रिप्ट जोडलेलं असेल तर पासवर्ड देवनागरीत टाइप होत असण्याची शक्यता असते, आणि तो ठिपक्यांमागे दिसत नाही.

पायरी २: अक्षरांच्या पडद्यावर जा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. काळ्या पडद्यावर "लॉगिन:" असं येईल. तिथे युजरनेम टाका, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बंद पडला असं समजू नका. परत जायला उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट, एफ१ किंवा एफ२. मिंटवर सहसा एफ७.

हेही येत नसेल तर मशीन पुन्हा सुरू करा आणि ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणा. जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआयवर एस्केप टिचकवायचं. मेनूत पहिल्या नोंदीवर ई दाबा, "लिनक्स" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून हे जोडा:

सिस्टमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट

मग एफ१०. मशीन डेस्कटॉपच्या वाटेला न जाता थेट अक्षरांच्या लॉगिनवर येईल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, काही खराब होत नाही.

नेटवर बऱ्याच ठिकाणी "नोमोडसेट" जोडायला सांगतात. त्याने कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर कामालाच लागत नाही, म्हणून पडदा दिसतो. आत शिरायला चालेल, पण तो कायमचा ठेवून "दुरुस्त झालं" म्हणू नका. कार्ड तसंच पडून राहील आणि मशीन सदा मंद चालेल.

इंटरनेट लागेल. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करणं. नेटवर्कमॅनेजर बहुतेक वेळा ते आपोआप पकडतो.

पायरी ३: दोन साध्या गोष्टी आधी बाद करा

पहिली, डिस्क भरली आहे का:

डीएफ -एच

मुळाच्या, म्हणजे तिरप्या रेघेच्या ओळीत १०० टक्के दिसले तर लॉगिन पुन्हा पुन्हा परत फिरण्याचं कारण तेच असू शकतं. मेसा तिथे निर्दोष आहे. "सुडो एपीटी क्लीन" केल्याने थोडी जागा मोकळी होते.

दुसरी, अपडेट अर्ध्यात तुटलं का. आपल्याकडे ही शंका हमखास घ्यावी. अपडेट चालू असताना वीज गेली, डेस्कटॉपला यूपीएस नव्हता, किंवा झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपला, की काही पॅकेजं नवी आणि काही जुनी अशी खिचडी राहते. मेसाला ती सोसत नाही, कारण तिची पॅकेजं एकमेकांच्या नेमक्या आवृत्तीवर अवलंबून असतात. चालवा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली कमांड अर्धवट बसलेली पॅकेजं पुरी बसवते, दुसरी राहिलेली आणते. दोन्ही निमूट संपल्या तर रीस्टार्ट करून बघा. बऱ्याच जणांचा डेस्कटॉप इथेच परत येतो.

पायरी ४: नेमकं काय बदललं ते वाचा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हीच लोक गाळतात. एपीटी, म्हणजे उबुंटू-मिंटवर पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, आपली प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो:

लेस /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग

शेवटी जायला मोठा जी, बाहेर पडायला क्यू. प्रत्येक नोंदीत सुरुवातीची तारीख, चालवलेली कमांड, "अपग्रेड" या शब्दापुढे पॅकेजांची यादी आणि शेवटची तारीख असते. यादीत प्रत्येक पॅकेजची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी दिसते. ती वहीत उतरवून घ्या. मागे जाताना तीच लागेल. शेवटची तारीखच नसेल तर ते अपडेट पुरं झालेलं नाही. "मी तर काहीच अपडेट केलं नव्हतं" असं वाटत असेल तर कमांडच्या ओळीत अनअटेंडेड-अपग्रेड दिसतंय का बघा. उबुंटू सुरक्षेची अपडेट स्वतःहून बसवतो.

यादीत लिबजीएल१-मेसा-डीआरआय, लिबजीएलएक्स-मेसा०, लिबईजीएल-मेसा०, मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स ही नावं शोधा. आणि लिबजीबीएम१ विसरू नका. त्याच्या नावात मेसा नाही, पण ते मेसातूनच येतं आणि वेलँडवर (खिडक्या पडद्यावर मांडणारी नवी व्यवस्था, जुनी म्हणजे एक्सऑर्ग) डेस्कटॉप त्याच्याशिवाय उभा राहत नाही. नुसतं मेसा शोधणाऱ्याच्या हातून हे एक पॅकेज मागे राहतं आणि मग खिचडी होते.

मेसाचं नावच यादीत नाही, पण लिनक्स-इमेज आहे? मग कर्नल बदलला आहे. ग्रबमध्ये "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. तो चालला तर हा लेख बाजूला ठेवा, तुमचा प्रश्न वेगळा आहे.

कार्डाला कर्नलचा ड्रायव्हर लागला आहे की नाही हेही एकदा बघून घ्या:

एलएसपीसीआय -के

व्हीजीए किंवा डिस्प्लेच्या नोंदीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ हवी. तीच नसेल तर बिघाड मेसाच्या खालच्या थरात आहे.

आता लॉग:

जर्नलसीटीएल -बी | ग्रेप -आय -ई मेसा -ई डीआरआय

आधीच्या बूटचं बघायचं असेल तर "-बी -१". एखादी ओळ जवळून बघू. "मेसा-लोडर: फेल्ड टू ओपन आयरिस" आणि पुढे एका फाइलचा मार्ग, मग कोलननंतर कारण. अशा ओळीत खरी बातमी असते ती शेवटच्या कोलननंतर. तिथे "नो सच फाइल" असेल तर ड्रायव्हरची फाइलच जागेवर नाही, पॅकेज नीट बसलेलं नाही. "अनडिफाइन्ड सिंबल" असेल तर दोन आवृत्त्यांची सरमिसळ आहे. "जीएलआयबीसीएक्सएक्स... नॉट फाउंड" असेल तर मेसा ठीक आहे, पण वाटेत कुणीतरी तिला जुनी सी++ लायब्ररी देतंय. आणि ओळीत आयरिसच्या जागी आय९६५ असेल तर तेही वेगळंच प्रकरण आहे. दोन्ही पुढच्या पायरीत बघू.

पायरी ५: नेहमीचे संशयित

जुनी कॅश. मे २०२३मध्ये उबुंटू २२.०४वर मेसाचं अपडेट आलं आणि क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरांच्या खिडक्या विस्कटल्या. ब्राउझरने जुन्या मेसासाठी तयार करून ठेवलेले शेडर (चित्र रंगवायला कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) नव्या मेसाला लागू होत नव्हते. उपाय एवढाच होता की ब्राउझर पूर्ण बंद करायचा आणि होममधल्या .कॉन्फिग/गूगल-क्रोम या फोल्डरात, प्रोफाइलच्या आत असलेला जीपीयूकॅश (जी, पी, यू आणि सी मोठे) हा फोल्डर काढून टाकायचा. बुकमार्क, पासवर्ड जात नाहीत. ब्रेव्ह, एज, व्हीएस कोड यांचेही असेच फोल्डर असतात. मेसाची स्वतःची कॅश होममध्ये .कॅश/मेसा_शेडर_कॅश या नावाने सुरू होणाऱ्या फोल्डरात असते. तीही बेधडक काढा, पुन्हा तयार होते.

विसरलेली सेटिंग. मेसा २२.०मध्ये इंटेलचा जुना आय९६५ ड्रायव्हर काढून टाकला. त्याची जागा आयरिस आणि क्रोकसने घेतली. कधीकाळी कुठल्यातरी सल्ल्यावरून कुणी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलमध्ये मेसा_लोडर_ड्रायव्हर_ओव्हरराइड=आय९६५ अशी ओळ लिहिली असेल, तर मेसा आता अस्तित्वात नसलेला ड्रायव्हर शोधत बसते. ती ओळ काढा. होममधली .प्रोफाइल फाइलही बघा. तसंच /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी (एक्स११मधला एक्स मोठा) या फोल्डरात २०-इंटेल.कॉन्फ नावाची जुनी फाइल असेल तर ती तिथून हलवून होममध्ये ठेवा. आजच्या मशीनना तिची गरज नसते.

कोंडा. इंजिनिअरिंगच्या किंवा डेटा सायन्सच्या विद्यार्थ्यांच्या मशीनवर अॅनाकोंडा असतोच. तो स्वतःची सी++ लायब्ररी बाळगतो, आणि ती सिस्टिमच्या लायब्ररीपेक्षा जुनी असली की त्या एन्व्हायर्नमेंटमधून सुरू केलेले प्रोग्रॅम नवा ड्रायव्हर उघडू शकत नाहीत. जीएलआयबीसीएक्सएक्सची वरची तक्रार बहुधा इथून येते. "कोंडा डीअॅक्टिव्हेट" करून तोच प्रोग्रॅम चालवा. चालला तर सिस्टिमला हात लावू नका, एन्व्हायर्नमेंटमधली लायब्ररी नवी करा.

हे सगळं एका झटक्यात वेगळं करायचं असेल तर नवा युजर बनवा:

सुडो अॅडयुजर चाचणी

युजरचं नाव अर्थात इंग्रजी अक्षरांतच द्या. त्याने लॉगिन होतं? मग मेसा शाबूत आहे, खोट तुमच्या होममधल्या एखाद्या फाइलमध्ये आहे. त्यालाही काळी स्क्रीन? मग सिस्टिममध्येच बिघाड आहे, पुढे चला. लॉगिनच्या पडद्यावर गिअरचं चिन्ह असेल तर वेलँडऐवजी एक्सऑर्ग निवडूनही बघा. उबुंटू २५.१०पासून ग्नोमसाठी तो पर्यायच उरलेला नाही.

डेस्कटॉप कसाबसा आला असेल तर मेसा-युटिल्स बसवून "जीएलएक्सइन्फो -बी" चालवा, बी मोठा. "ओपनजीएल रेंडरर"समोर तुमच्या कार्डाचं नाव हवं. एलएलव्हीएमपाइप असेल तर कार्ड वापरलं जात नाहीये.

पायरी ६: पुन्हा बसवा, नाहीतर मागे जा

सौम्य उपाय आधी:

सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिबजीएल१-मेसा-डीआरआय लिबजीएलएक्स-मेसा० लिबईजीएल-मेसा० लिबजीबीएम१ मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स

सर्व एका ओळीत. याने काम झालं नाही तर मेसा आली कुठून ते विचारा:

एपीटी पॉलिसी लिबजीएल१-मेसा-डीआरआय

आवृत्तीच्या नावात किसाक किंवा ओइबाफ दिसलं तर ती पीपीएमधून, म्हणजे उबुंटूबाहेरच्या कुणी चालवलेल्या पॅकेजांच्या साठ्यातून, आलेली आहे. गेम नीट चालावा म्हणून कधीतरी जोडलेली पीपीए विसरून जाणं फार सोपं असतं. पीपीए-पर्ज हे पॅकेज बसवा आणि:

सुडो पीपीए-पर्ज पीपीए:किसाक/किसाक-मेसा

ते पीपीए बंद करतं आणि तिच्यातली सगळी पॅकेजं उबुंटूच्या अधिकृत आवृत्तीवर परत आणतं. हातानं एकेक उतरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पीपीए नसेल आणि टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिमची आधी घेऊन ठेवलेली प्रत) असेल तर तोच वापरा: "सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर". अक्षरांच्या पडद्यावरून तो चालतो, आणि त्याची मूळ सेटिंग बदललेली नसेल तर होममधल्या फाइलींना हात लावत नाही. मिंटवर टाइमशिफ्ट आधीपासून असतो, पण वेळापत्रक तुम्हीच चालू करावं लागतं. ज्यांनी ते अजून केलेलं नाही त्यांनी डेस्कटॉप परत आला की पहिलं काम ते करा.

स्नॅपशॉटही नाही? मग एपीटी पॉलिसीच्या यादीत जुनी आवृत्ती दिसत असेल तर प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि ती आवृत्ती देऊन सगळी पॅकेजं एकाच कमांडमध्ये बसवा. हिस्टरी.लॉगमध्ये मेसाची जेवढी नावं होती तेवढी सगळी. स्टीम किंवा वाइन असेल तर त्याच पॅकेजांचे आय३८६ (३२-बिट) जोडीदारही त्याच आवृत्तीचे हवेत, नाहीतर एपीटी अडून बसेल. "वाय" दाबण्याआधी "रिमूव्ह" होणारी यादी शब्दन् शब्द वाचा. तिच्यात उबुंटू-डेस्कटॉप किंवा सिनॅमन दिसलं तर "एन" दाबा आणि कुठलं पॅकेज सुटलं ते शोधा.

जुन्या फाइली /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज इथे सापडतील अशी आशा धरू नका. एपीटी कमांड इन्स्टॉल झाल्यावर त्या पुसून टाकते.

फेडोरावर काम सोपं आहे: "डीएनएफ हिस्टरी"ने क्रमांक बघा आणि "सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू" पुढे तो क्रमांक. आरपीएम फ्यूजनचं मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड असेल तर त्याची आवृत्ती बाकी मेसाशी जुळते का बघा. आर्चवर जुनी पॅकेजं /व्हार/कॅश/पॅकमन/पीकेजी इथे शिल्लक असतात. "सुडो पॅकमन -यू", यू मोठा, आणि फाइलचा मार्ग. पण आर्चवर एकट्या मेसाला मागे ओढताना ती ज्या एलएलव्हीएम लायब्ररीवर अवलंबून असते तिच्याशी जोडी तुटू शकते, म्हणून आधी पूर्ण अपडेट करून बघा. दुरुस्ती कदाचित आलेलीही असेल.

एनव्हिडियावाल्यांसाठी

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मेसाचा ओपनजीएल वापरत नाही. तिथे काळी स्क्रीन आली तर "डीकेएमएस स्टेटस" चालवा. डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, तयार करतो. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेलं दिसलं नाही तर बहुधा तेच कारण. लॉगमध्ये "एपीआय मिसमॅच" असेल तर लायब्ररी नवी आणि चालू मॉड्यूल जुनं आहे. एक रीस्टार्ट पुरतो.

पायरी ७: थांबवून ठेवा, पण आठवणीने सोडा

मागे गेल्यावर पुढच्या अपडेटने तीच मेसा पुन्हा येईल. म्हणून "सुडो एपीटी-मार्क होल्ड" आणि पुढे मेसाच्या सगळ्या पॅकेजांची नावं. काय काय थांबवलंय ते "एपीटी-मार्क शोहोल्ड" दाखवतं, सोडायला "अनहोल्ड". महिनोन् महिने होल्ड ठेवलं की पुढचं मोठं अपडेट त्यावरच अडतं, म्हणून नवी आवृत्ती आली की सोडून बघा.

मेसाच्या आवृत्त्या वर्षावरून ओळखता येतात: २५.१ म्हणजे २०२५ सालातली दुसरी. शेवटी शून्य असलेल्या, जसं की २५.१.०, या आवृत्तीबरोबर मेसाचे लोक स्वतःच लिहितात की ज्यांना स्थिरता हवी त्यांनी पुढच्या .१साठी थांबावं. पीपीए किंवा आर्च वापरणाऱ्यांनी हा सल्ला मनावर घ्यावा.

बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी तुमच्या वितरणाच्या बगट्रॅकरवर कळवा. तिथे बाकीच्यांनाही तेच झालेलं असेल तर फ्रीडेस्कटॉप गिटलॅबवर, म्हणजे मेसाच्या स्वतःच्या बगट्रॅकरवर, जा. सोबत कार्डाचं नाव, कर्नलची आवृत्ती, चालणारी आणि न चालणारी अशा मेसाच्या दोन्ही आवृत्त्या आणि लॉगमधली ती ओळ द्या. पायरी ४मध्ये वहीत उतरवलेल्या आवृत्त्या आणि पायरी १मध्ये काढलेला फोटो, दोन्ही इथे जसेच्या तसे कामाला येतात. चालणारी आणि न चालणारी आवृत्ती कळली की दुरुस्त करणाऱ्याला मधल्या बदलांतच शोधावं लागतं.